अरे म्हण, शेखलाल

न्हावऱ्याच्या हौसरावांना मानाची काही कमी नव्हती. घरात मान होता, भावकीत मान होता, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर एवढा होता की ते नुसते शिंकले तरी सेक्रेटरी लिहिणं थांबवून मान डोलवायचा. बत्तीस एकर जमीन, तिच्यात ऊस आणि कांदा, गोठ्यात आठ म्हशी. एवढं सगळं असून माणूस एकाच गोष्टीसाठी झुरत होता. वच्छलाबाईच्या तमाशातल्या शेखलाल सोंगाड्यानं आपल्याला एकदा तरी "अरे हौशा" म्हणावं.

हसू नका. हौसरावांना त्यांची आई हौशा म्हणायची. ती गेली आणि गावात त्यांना अरे म्हणणारं कुणी उरलंच नाही. बरोबरीचे होते, त्यांनी जमीन वाढत गेली तसं आधी "हौसराव" सुरू केलं, मग "अहो हौसराव", मग "मालक". बायको झुंबरबाई तर लग्नापासून "अवं"च्या पुढं गेलीच नव्हती. पन्नाशीच्या माणसाला सगळेच अहो-जाहो करायला लागले की आपण जिवंतपणीच भिंतीवर फोटो होऊन बसलोय असं वाटायला लागतं. हौसरावांना तसं वाटायचं, आणि फार वाटलं की ते उठून तमाशाला जायचे.

शेखलाल दौंडचा. बाप रेल्वेत कोळसा ओढायचा, थोरला भाऊ पाशा इंजिनावर फायरमन, आणि हा धाकटा तोंडाला रंग फासून गावोगाव लोकांना हसवत हिंडायचा. अंगानं काटकुळा, आवाज मात्र देवळाच्या नगाऱ्याला भारी. स्टेजवर तो राजाला अरे म्हणायचा, इंद्राला अरे म्हणायचा, प्राण न्यायला आलेल्या यमालासुद्धा "अरे, वहाणा भाईर काढ" म्हणून दटावायचा. मग हौसरावांनीच त्याचं काय घोडं मारलं होतं?

खेळ उघड्यावर व्हायचा आणि स्टेजच्या मागं कलावंतांना कपडे करायला एक राहुटी असायची. राहुटीला दार कसलं, तरटाचा एक पडदा. खेळ सुटला की या तरटापुढं पंचक्रोशीतले शौकीन गोळा व्हायचे, आणि तिथलं त्यांचं वागणं बघितलं तर म्हशी परवडल्या. न्हावऱ्याच्या भैरूनं एकदा आत घुसून राजाचं काम करणाऱ्याला विचारलं, "मिशी खरी हाय का ओ?" आणि उत्तराची वाट न बघता ओढून पाहिली. खरी होती.

हे असलं बघून हौसरावांनी तरटापाशी वागायचे कायदे केले होते आणि फौजदारही तेच होते. बाहेरून खाकरायचं, तरट आपल्या हातानं उचलायचं नाही. बायांच्या बाजूला नजर जाऊ द्यायची नाही. चुकून गेलीच तर लगेच माघारी बोलवायची. कलावंत पाणी प्याल्याशिवाय "झ्याक झालं" म्हणायचं नाही, कारण तोवर त्याचं डोकं तापलेलं असतं. विडा दिला की निघायचं, उगा बदल्यात काही मिळेल अशा तोंडानं घुटमळायचं नाही. हे सगळं ते एवढ्या तळमळीनं सांगायचे की लोक तरटाला सोडून त्यांनाच भ्यायला लागले होते.

एक कायदा करायचा मात्र त्यांच्या कधी डोक्यात आला नाही. तो म्हणजे, खेळ चालू असताना आपलं तोंड बंद ठेवायचं.

शेखलालची सगळी करामत थांबण्यात होती. वगात, म्हणजे तमाशात शेवटी जी गोष्ट करून दाखवतात तिच्यात, तो राजाचा हुजऱ्या असायचा. राजा विचारायचा, "हुजऱ्या, आमच्या राज्यात प्रजेला दुःखं किती?" हा म्हणायचा, "एकच, म्हाराज." राजा विचारायचा, "कोणतं?" की हा थांबायचा. सावकाश चंची सोडायचा. तंबाखू तळहातावर घ्यायचा. चुना लावायचा, मळायचा, फुंकर मारायचा, चिमूट दाढेखाली सरकवायचा. हजार माणूस श्वास रोखून बसलेलं असायचं. आणि मग, जसं काही आत्ताच आठवलंय असं, तो म्हणायचा, "तुमची तब्येत लई ठणठणीत हाय." माणसं एकमेकांच्या अंगावर पडायची.

हौसरावांना हे थांबणं सोसायचं नाही. त्यांनी हा वग एकवीस वेळा पाहिला होता, पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात तयार असायचं, आणि चुना लावून होतो न होतो तोच ते शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगून मोकळे व्हायचे. शेजारी हसायचा. त्याचं बघून त्याच्या शेजारचा हसायचा. शेखलाल दाढेखाली चिमूट सरकवेपर्यंत हौसरावांच्या बाजूचं निम्मं माणूस हसून थंड झालेलं असायचं. हे प्रेमापोटी होत होतं. पण म्हैस प्रेमानं अंगावर बसली तरी बरगड्या त्या बरगड्याच.

खेळानंतर ते तरटापुढं खाकरायचे. शेखलाल बाहेर यायचा, हात जोडायचा आणि म्हणायचा, "या मालक."

"अरे शेखू, मालक कशाला? हौशा म्हण."

"जी, मालक."

सहा वर्षं हेच चाललं होतं. हौसराव जेवढे जवळ सरकायचे तेवढा शेखलाल आदबीनं मागं सरायचा. एकदा तर त्यांनी त्याच्याच चंचीतली तंबाखू मागून खाल्ली, तर त्यानं "सरकार" म्हणायला सुरुवात केली. आणि दुसऱ्याला कशाला हसायचं? ही गोष्ट सांगणारासुद्धा मघापासून एकाला "ते" म्हणतोय आणि दुसऱ्याला "तो".

एवढ्यावर भागलं असतं. पण हौसरावांची लेक साखरबाई निमोण्याला दिलेली, आणि व्याही मारुतराव म्हणजे निमोण्याचं बडं प्रस्थ. सोसायटीचा चेअरमन, जत्रेच्या पंचांत पहिला, आणि कुणी काही सांगितलं की डोळे बारीक करून "असं का?" म्हणणारा. एका बारशात जेवणं झाल्यावर मारुतराव आपल्या ओळखी मोजत बसले. अमका कलेक्टर आपल्याकडं जेवून गेला, तमका आमदार आपल्याला नावानं ओळखतो. हौसरावांना राहवेना. ते बोलून गेले, "ते काय घेऊन बसलात! शेखलाल सोंगाड्या मला अरे हौशा म्हणतो."

मारुतरावांनी डोळे बारीक केले. "असं का?"

"तर! लंगोटीयार म्हणा ना. तरटाच्या आत बसवून घेतो."

त्या वर्षी, म्हणजे एकसष्ट साली, मारुतरावांनी निमोण्याच्या जत्रेला वच्छलाबाईच्याच फडाला सुपारी दिली आणि व्याह्यांना सांगावा धाडला. आता आपलं खोटं उघडं पडणार हे हौसरावांना कळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तमाशा चुकवला. जत्रेच्या संध्याकाळी पोट धरून घरात पडून राहिले.

झुंबरबाईनं दोनदा येऊन पाहिलं. "अवं, पोट दुखतंय का तोंड दुखतंय? त्या दिशी बारशात लई चाललं व्हतं तुमचं."

पण जत्रेचा खेळ एका रात्रीत संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फडानं देवळापुढं पुन्हा थोडा खेळ करायचा, त्याला हजेरी म्हणतात. उजाडताच मारुतरावांचा गडी बैलगाडी घेऊन न्हावऱ्यात हजर. "पाव्हणं, तुमच्यासाठी म्होरं खुर्ची ठिवलीया. मालक म्हणलं, पोट दुखत असंल तर पोटासकट घिऊन ये."

निमोण्यात पोचले तेव्हा मारुतराव राहुटीजवळच उभे होते, सोबत चार पंच. "या पाव्हणं. तुमच्या यारानं अजून रंग लावला न्हाई. चला, भेटून घिऊ."

हौसराव तरटापुढं गेले. कायद्याप्रमाणे खाकरले. जरा जास्तच खाकरले. शेखलाल बाहेर आला, निम्म्या तोंडाला पांढरा रंग, निम्मं तसंच.

"अरे शेख्या!" हौसराव ओरडले आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. या हिशेबानं की धपाट्याच्या भरात त्याच्या तोंडून अरे निघावं.

शेखलालनं हात जोडले. "या मालक. लई दिसांनी पाय लागलं."

"मालक काय, लेका! पाव्हण्यांपुढं लाजतो का? न्हेमीसारखं बोल की." हौसरावांनी एक डोळा मिचकावला. मग दुसरा मिचकावला. मग दोन्ही.

शेखलाल घाबरला. "डोळ्यांत काय गेलं का, सरकार? पानी आनू?"

पंचांतला एक जण तोंडाला उपरणं लावून बाजूला झाला. मारुतराव शांतपणे म्हणाले, "लईच अरे-तुरे दिसतंय तुमचं, पाव्हणं. मला तर ऐकाया सुदिक आलं न्हाई." हौसरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लेकीच्या सासरी, पाच माणसांत, माणूस खोटा ठरला होता आणि खोटं ठरवणारा हात जोडून समोर उभा होता.

हजेरी सुरू झाली. पहिल्या रांगेत दोनच खुर्च्या, एक मारुतरावांची, एक हौसरावांची. मागं सगळं निमोणं जमिनीवर. हौसरावांना समोरचं काही दिसत नव्हतं. अरे तर गेलंच, पण निदान हा तमाशा आपल्याला किती जवळचा आहे एवढं तरी व्याह्याला कळावं, असं आतून काहीतरी त्यांना ढुसण्या देत होतं. तेवढ्यात राजानं विचारलं, "आमच्या राज्यात प्रजेला दुःखं किती?"

"एकच, म्हाराज."

"कोणतं?"

शेखलालनं चंची सोडली. तंबाखू घेतली. चुना लावला. सगळं निमोणं गप्प झालं. देवळापुढच्या लिंबावरचा कावळासुद्धा मान वाकडी करून थांबला. शेखलाल मळायला लागला, आणि हौसराव खुर्चीतून अर्धे उठून, मागच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात गरजले, "तुमची तब्येत लई ठणठणीत हाय!"

गाव हसलं. शेखलालचा अंगठा तळहातावर तसाच राहिला. त्यानं हौसरावांकडं पाहिलं, तंबाखू झटकून टाकली, आणि सहा वर्षांचं जे साठलं होतं ते नगाऱ्याच्या आवाजात बाहेर पडलं.

"अरे हौशा! लेका, सहा वर्षं झाली, माझ्या तोंडातला घास काढून खातोयस! ये, तूच ये हितं वर आन् नाच! मी जातो न्हावऱ्याला तुझं कांदं काढाया!"

असा हशा निमोण्यानं ऐकला नव्हता. बायका देवळाच्या ओट्यावरून हसल्या, पुजारी हसला, राजा स्वतःची तलवार टाकून पोट धरून खाली बसला. आणि हौसराव? त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आईनंतर पहिल्यांदा. नावानिशी. चारचौघांत. आणि खोटं नाही, मनापासून! ते मारुतरावांकडं वळले. "ऐकलं? ऐकलं का? अरे हौशा म्हणला!"

मारुतराव उभे राहिले होते. त्यांनी व्याह्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि त्यांचा समज असा झाला जो त्यांच्या जागी कुणाचाही झाला असता.

"बंद करा!" त्यांनी खुर्ची लाथेनं पाडली. "माझ्या गावात, माझ्या व्याह्याला, दीड दमडीचा सोंगाड्या अरे-तुरे करतोय आन् तुम्ही दात काढताय? बंद करा खेळ! ह्या शिरूर तालुक्यात ह्या फडाला परत कुठं सुपारी मिळती तेच बघतो मी."

हलगी थांबली. हशा तर कुठल्या कुठं गेला. मघाशी पोट धरून हसणारे पंच आता सर्वांत जास्त चिडले होते, कारण हसताना त्यांना मारुतरावांनी पाहिलं होतं.

राहुटीपुढं पुन्हा तीच माणसं उभी राहिली. या वेळी तरट कुणी खाकरून उघडलं नाही. वच्छलाबाईच शेखलालला पुढं ढकलत बाहेर आली. चाळीस माणसांचं पोट तिच्या पदरात बांधलेलं होतं. "मारुतराव, धनी, त्येची जीभ घसरली. पाया पडंल तो. पड रे!"

शेखलालनं डोक्यावरची हुजऱ्याची पगडी काढली. निम्मा रंग घामानं ओघळला होता. तो हौसरावांपुढं आला आणि वाकायला लागला. "चूक झाली, मालक. गरिबाला पदरात घ्या."

हौसरावांना सहा वर्षांत एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. त्यांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. "अरे, चूक कसली? मला लई ग्वाड वाटलं! खरंच!"

"पाव्हणं मोठ्या मनाचं हायती," मारुतराव पंचांना म्हणाले, "पर आम्ही न्हाई. आजच चिठ्ठ्या धाडतो समद्या गावांच्या पंचांना."

मारुतराव चिठ्ठ्या धाडतील हे हौसरावांना ठाऊक होतं. "मला ग्वाड वाटलं" यावर जगातला कुठलाही चेअरमन विश्वास ठेवणार नाही, हेही त्यांना कळलं. शेखलाल मान खाली घालून उभा होता आणि त्याचे हात अजून जोडलेलेच होते. हौसराव त्या हातांकडं बघत राहिले. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"पाव्हणं, तुमची गंमत केली," ते म्हणाले. "खेळातलंच व्हतं ते. मीच शिकवून ठिवलं व्हतं त्येला. मी मधी वरडायचं आन् त्येनं मला अरे म्हणायचं, असं."

"कवा शिकवलं? मघाशी तर म्या सोबतच व्हतो."

"मागंच. केडगाव टेशनावर गाठ पडली व्हती तवा."

"आन् डोळ्यांत पानी कशाचं व्हतं?"

"हसून हसून आलं."

मारुतरावांनी डोळे बारीक केले. त्यांचा राग उतरायला लागला, पण त्याच्या जागी जे यायला लागलं ते हौसरावांना रागापेक्षा वाईट दिसलं. "म्हंजी," ते एकेक शब्द चघळत म्हणाले, "ते अरे खरं न्हवतं. शिकवल्यालं व्हतं."

"व्हय."

"मग एरवी काय म्हणतो तुम्हाला?"

वच्छलाबाई बघत होती. पंच बघत होते.

"मालक म्हणतो," हौसराव म्हणाले. "न्हेमीच मालक म्हणतो. बारशात मी आपलं उगा बोललो."

मारुतराव हसले, पंच हसले, आणि सोंगाड्याला गेल्या सहा वर्षांत मिळाला नसेल असा बिनअडथळ्याचा हशा त्या राहुटीपुढं झाला. "असं का?" म्हणत मारुतरावांनी व्याह्यांच्या पाठीवर थाप मारली. हजेरी पुन्हा सुरू करायचा हुकूम सुटला. चिठ्ठ्यांचा विषय संपला. ही बारशातली गोष्ट आता निमोण्यात नातवंडांच्या लग्नापर्यंत सांगितली जाणार होती, आणि हौसरावांना ते माहीत होतं.

सगळे पांगले. तरटापुढं दोघंच राहिले. आत कुणीतरी घुंगरं आवळत होतं.

"तुम्ही मला अरे म्हणला तर ती माया ठरती, मालक," शेखलाल हळू म्हणाला. "मी तुम्हाला म्हणलो तर चाळीस माणूस उपाशी. म्हणून न्हाई म्हणत. तुमच्यावर राग न्हाई. म्हंजी त्या घासापायी हाय, पर तेवढाच."

"पुढल्या टायमाला तोंडात उपरणं कोंबून बसतो," हौसराव म्हणाले.

"लई उपकार व्हतील."

हौसरावांनी मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. "शेखू, आता कुणी ऐकत न्हाई. मघाशी म्हणलास तसं एकदा म्हण की."

शेखलालनं पगडी डोक्यावर ठेवली, नीट केली. "हुकूम असंल तर म्हणतो, मालक."

पलीकडं हलगी वाजायला लागली होती आणि राजा हुजऱ्याला हाका मारत होता.

"हुकूम न्हाई," हौसराव म्हणाले.

"मग न्हाई म्हणत," शेखलाल म्हणाला, आणि हात जोडून तरटाआड गेला.